वय ७१, आल्प्राझोलाम १२ वर्षांपासून चालू. गोळी कमी कशी करायची?

तापीकाठ (चोपडा)

आईसाठी विचारतोय. वय ७१, वजन ५४ किलो. आल्प्राझोलाम ०.५ ची एक गोळी सकाळी आठला आणि एक रात्री दहाला, अशी १२ वर्षं चालू आहे. झोप आणि छातीतली धडधड यासाठी दिली होती, पुढे तीच चिठ्ठी चालत राहिली.

बाकी औषधं अशी. बीपीची टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली गोळी, रात्री. शुगरची ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र, सकाळी. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल लागेल तशी, आठवड्यातून तीन-चारदा. गॅसची एक गोळी दोन्ही जेवणांआधी. मिसरी सोडली तर व्यसन नाही.

सहा महिन्यांत दोनदा रात्री बाथरूमला उठताना तोल गेला. विसरायला होतं. रोज दुपारी चार-साडेचारनंतर ‘जीव घाबरस मना’ म्हणते. रात्रीची गोळी पोटात गेली की तासाभरात शांत.

आता दाखवलं तिथे सांगितलं की वयाला ही गोळी बरी नाही, आठवडाभर अर्धी द्या आणि बंद करा. बंद करायला हवी हे पटतं, पण १२ वर्षांचं औषध आठवड्यात? किती वेळ घ्यावा, गोळी कशी तोडावी, कोणत्या लक्षणाला घाबरायचं आणि कोणत्याला नाही, हे नेमकं हवं आहे.

---

औषधी अमळनेर (फार्मासिस्ट)

आठवड्यात बंद अजिबात करू नका. १२ वर्षं रोज गोळी मिळाल्यावर मेंदूने स्वतःचे शांत करणारे संकेत त्या प्रमाणात मंद केलेले असतात. आधार एकदम काढला तर नुसती झोप उडत नाही. हातपाय थरथरणं, घाम, बीपी वाढणं, भ्रम आणि फिट येण्यापर्यंत मजल जाते. आल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून त्याचा झटका डायझेपामपेक्षा (याच घराण्यातलं, शरीरात जास्त टिकणारं औषध) लवकर आणि जोरात बसतो.

पहिलं काम, आज आहे तेवढाच डोस ठेवून पावर बदला. ०.५ च्या जागी ०.२५ च्या गोळ्या लिहून घ्या. आज तिचे दिवसाला १ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ०.२५ च्या चार गोळ्या. ०.५ ची गोळी तोडून बारीक पायऱ्या करता येत नाहीत, ०.२५ ची येतात. पट्टीवर एसआर किंवा ईआर लिहिलेलं नाही ना, हे बघा. ती हळूहळू सुटणारी गोळी असते, तोडली की सगळं औषध एकदम सुटतं.

तोडायला मेडिकलमध्ये गोळी कापायची डबी मिळते, तीच वापरा. विळीवर किंवा ब्लेडने तुकडा उडतो, भुगा होतो. एका वेळी एकच गोळी कापा आणि तिचेच सगळे तुकडे आधी संपवा. पाव तुकडे कधीच सारखे पडत नाहीत. पण एकाच गोळीचे चार पाव सलग चार दिवसांत गेले तर चार दिवसांची बेरीज बरोबर येते. आठवडाभराच्या गोळ्या एकदम कापून डबीत टाकल्या तर एका दिवशी सगळे जाड तुकडे जातात, दुसऱ्या दिवशी सगळे बारीक. शिवाय पावसाळ्यात कापलेल्या कडा ओल धरतात.

गोळी मिक्सरमध्ये फिरवून पाण्यात घोळायची आणि मोजून द्यायची, असं कोणी सुचवेल. करू नका. आल्प्राझोलाम पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचा चमचा रिकामा, खालचा भरलेला.

पायऱ्या ढोबळ अशा: दर तीन-चार आठवड्यांनी अर्धी गोळी, म्हणजे ०.१२५ कमी. आठ पायऱ्यांत शून्य. डॉक्टर तयार असतील तर सुरुवातीलाच डायझेपामवर नेऊन मग कमी करणं हाही चांगला रस्ता आहे, चढउतार कमी होतात.

आणि त्या गॅसच्या गोळीच्या पट्टीवर मागे काय लिहिलं आहे ते वाचून इथे टाका. नाव नको, घटक टाका.

---

पांझराकाठ (धुळे, मानसोपचार विभागात नर्सिंग)

वरच्या उत्तरातली तोडण्याची रीत तंतोतंत बरोबर आहे. दोन गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं.

एक, प्रत्येक वेळी ०.१२५ हा हिशेब. कपात मोजायची ती आज चालू असलेल्या डोसच्या टक्क्यांत. १ वरून ०.१२५ काढलं तर साडेबारा टक्के. ०.५ वरून तेवढंच काढलं तर पंचवीस टक्के. ०.२५ वरून काढलं तर निम्मं गेलं. तुकडा तोच, धक्का दर वेळी मोठा. म्हणून पुष्कळ जण निम्म्यापर्यंत छान उतरतात आणि शेवटच्या पावात अडकतात. मग घरचे म्हणतात, एवढीशी तर गोळी राहिली, आता कसला त्रास, सगळं मनाचं आहे. तो मनाचा नसतो, भागाकाराचा असतो.

इतक्या वर्षांच्या गोळीला आणि या वयाला दर वेळी चालू डोसच्या ५ ते १० टक्के, दोन ते चार आठवड्यांनी, असं धरून चाला. दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांच्या वर कधीच नाही. गोळ्यांच्या मापात बसवायचं तर १ वरून ०.८७५ आणि तिथून ०.७५ या दोन पायऱ्या अर्ध्या गोळीच्या चालतील, त्या बारा ते चौदा टक्क्यांच्या आहेत. त्यातही त्रास झाला तर तिथूनच पाव सुरू करा. ०.७५ च्या खाली प्रत्येक पायरी पाव गोळीची, म्हणजे ०.०६२५ ची: ०.६८७५, ०.६२५, ०.५६२५, ०.५ आणि पुढे. ०.२५ च्या खाली पावही जड होतो, त्यावर खाली लिहिते.

दोन, डायझेपाम. चाळिशीच्या माणसाला सुरुवातीलाच बदलणं ठीक. ७१ व्या वर्षी, दोनदा तोल गेलेल्या बाईंना नको. डायझेपाम शरीरात फुटून त्याचा जो पुढचा पदार्थ बनतो, तोही तितकाच काम करतो आणि दिवसेंदिवस राहतो. म्हातारपणी यकृताचं काम मंदावलेलं असतं, त्यामुळे तो आठवड्यांनी साठत जातो. पहिले चार दिवस छान वाटतं, तिसऱ्या आठवड्यात त्या दिवसभर पेंगतात आणि पडतात. त्यात १ मिलिग्रॅम आल्प्राझोलामचं डायझेपाम साधारण २० मिलिग्रॅम होतं, या वयात ते फार.

आता चार वाजताच्या घाबरण्याबद्दल. सकाळी आठ ते रात्री दहा म्हणजे चौदा तासांची फट आहे. आल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण ११-१२ तासांत निम्म्यावर येतं, या वयात जरा उशिरा. म्हणजे दुपारनंतर गोळी उतरते आणि तेच घाबरणं म्हणून जाणवतं. असं असेल तर हा आजार परत आलेला नाही, दोन डोसांमधला तुटवडा आहे. कपातीच्या आधी, एकूण १ मिलिग्रॅम तेवढंच ठेवून त्याचे तीन भाग करायचे: सकाळी ०.२५, दुपारी दोनला ०.२५, रात्री ०.५. असं तीन आठवडे. संध्याकाळ शांत जायला लागली की त्यांनाही पटतं की हे जमण्यासारखं आहे.

पण दुसरा संशयित आहे, ग्लिमेपिराइड. दुपारचं जेवण कमी झालं की शुगर खाली येते, आणि तेव्हा घाम, थरथर, धडधड अगदी अशीच होते. चार दिवस साडेचारला, घाबरत असतानाच बोटातून शुगर तपासा. ७० च्या खाली आली तर आधी साखरपाणी, मग डॉक्टरांना सांगून शुगरची गोळी बदलून घ्या. पुढे सगळ्या काळातही हाच नियम: घाम आणि थरथर आली की आधी ग्लुकोमीटर, मग तर्क.

सुरू करण्याआधी या तपासण्या करून घ्या: सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधड गोळी कमी केल्याने नव्हे, त्याने होते. मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असलेल्यांचं बी-१२ कमी पडतं, त्यातून मुंग्या आणि विसरभोळेपणा. हायड्रोक्लोरोथायझाइडने सोडियम उतरतं, त्यातून भ्रम आणि तोल. हे आधी न तपासता कपात केली तर पुढे प्रत्येक गोष्टीचं खापर कपातीवर फुटेल.

---

गिरणाकाठ (पाचोरा, फिजिओथेरपिस्ट)

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि ती रात्री दिली जाते. रात्री उठावं लागण्याचं ते एक कारण. डॉक्टरांना विचारून ती सकाळी घ्या, म्हणजे अंधारातल्या फेऱ्या कमी होतील.

तोल जाण्याचं मोजमाप घरी करता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, उभं केल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका मोठा. आज मोजून लिहून ठेवा, दर महिन्याला परत मोजा. गोळी उतरेल तसा हा आकडा बहुधा सुधारतो, आणि ते डोळ्यांना दिसणारं फळ असतं.

रात्री उठताना पलंगाच्या कडेला बसून साठ अंक मोजायचे, मगच उभं राहायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी मंद दिवा, वाटेत गोधडी-चटईची कड नको, भिंतीला पकडायला दांडी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असेल तर या वर्षी जिना बंद, खाट ओसरीत किंवा अंगणात. रोज ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा आणि खुर्चीवरून उठ-बस पाच-पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ.

---

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. गॅसच्या गोळीच्या पट्टीवर असं आहे: क्लोरडायझेपॉक्साइड ५, क्लिडिनियम २.५, डायसायक्लोमिन १०. हे गॅसचंच आहे ना?

अजून एक. बहिणीचं म्हणणं, आईला सांगितलं तर ती आधीच घाबरेल, त्यापेक्षा न सांगता रात्रीच्या गोळीऐवजी तशीच दिसणारी कॅल्शियमची ठेवू. हे चालेल का? आणि सुरुवात कधी करू, आत्ता आषाढ चालू आहे.

---

औषधी अमळनेर (फार्मासिस्ट)

जे वाटलं तेच निघालं. यातलं क्लोरडायझेपॉक्साइड हे आल्प्राझोलामच्याच घराण्यातलं. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे १० मिलिग्रॅम, ते साधारण ०.२ मिलिग्रॅम आल्प्राझोलामच्या बरोबरीचं. म्हणजे आईचा खरा डोस १ नाही, १.२ च्या आसपास आहे. असे छुपे भिडू आणखीही असतात. काळजी-उदासीच्या एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसोबत क्लोनाझेपाम किंवा आल्प्राझोलाम, धडधडीच्या प्रोप्रानोलॉलसोबत एटिझोलाम किंवा क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड. गोळी एक, औषधं दोन. अशी जोडगोळी अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात आणि त्रास कशाने झाला ते कळत नाही. आधी डॉक्टरांकडून दोन्ही सुटी करून घ्यायची असतात.

यातली दुसरी दोन, क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन, म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, तोंड कोरडं आणि विसरभोळेपणा आणतात. म्हणून आधी हीच गोळी उतरवा असं माझं मत, पण हीसुद्धा एकदम नाही. दोनाची एक करा, चार आठवडे थांबा, मग बंद. १.२ मधून ०.१ म्हणजे आठ टक्के, पुढच्या वेळी नऊ टक्के. पायऱ्या आपोआप योग्य मापाच्या पडतात. तेवढे दोन महिने आल्प्राझोलामला हात लावायचा नाही.

पांझराताईंचा टक्क्यांचा मुद्दा मान्य. आठ पायऱ्यांचं माझं गणित शेवटी फार उतारावर जातं, ते घेऊ नका. ०.२५ च्या खाली मात्र एक उपाय आहे. मिलिग्रॅम मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, सोनार वापरतात तशा जातीचा. (जळगावात काट्याची अडचण कोणाला पडू नये.) ०.२५ च्या दहा गोळ्या एकेक करून मोजा आणि सरासरी काढा. समजा १०० मिलिग्रॅम भरली, तर ९० मिलिग्रॅमचा तुकडा म्हणजे ०.२२५, दहा टक्के कपात. कंपनी बदलली की गोळीचं वजन बदलतं, म्हणून शेवटपर्यंत एकाच कंपनीची घ्या. काटा दोन-तीन मिलिग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

---

पांझराकाठ (धुळे)

कॅल्शियमच्या गोळीबद्दल: नका करू, कृपा करून नका करू. आईच्या शरीराला गोळी कमी झाल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळणारच आहे. कारण माहीत नसलेली थरथर ही कारण माहीत असलेल्या थरथरीपेक्षा फार भयंकर वाटते. त्यांना हार्टचं काही झालं असं वाटेल, तुम्ही रात्री दवाखान्यात न्याल, तिथे इंजेक्शन देतील आणि तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाईल. शिवाय संशय आला की त्या शेजारणीच्या पट्टीतली गोळी मागून घेतील, मग किती पोटात जातं ते कोणालाच कळणार नाही.

उलट सगळं त्यांच्या हातात द्या. कॅनडात क्यूबेक प्रांतात ६५ च्या पुढच्या लोकांवर असा अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध आहे. नुसती माहितीपुस्तिका आणि अख्खी, अर्धी, पाव गोळी चित्रांत दाखवणारा तक्ता लोकांच्या हाती दिला. सहा महिन्यांनी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण बंद झाली होती. ज्यांना तक्ता दिला नव्हता त्यांच्यात ५ टक्के. आईला अक्षरओळख कमी असली तरी चालेल. वहीत गोल काढा, जेवढी गोळी तेवढा गोल रंगवा. पुढची कपात कधी करायची ते त्याच म्हणतील. ‘आठ दिवस थांबू’ म्हणाल्या तर थांबायचं.

वहीत रोज तीनच रकाने ठेवा: झोप किती तास, घाबरणं शून्य ते दहामध्ये किती, तोल गेला का. याहून जास्त लिहायला लावलं की माणूस दिवसभर स्वतःची नाडी बघत बसतं.

काय अपेक्षित आहे ते सांगते. कपातीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास चढतो, आठ-दहा दिवसांत उतरतो. झोप तुटणं, विचित्र स्वप्नं, आवाज आणि उजेड जास्त टोचणं, स्नायू फडफडणं, मुंग्या, पोट बिघडणं, चिडचिड. यातली बरीच लक्षणं गोळी सुरू होण्याआधी त्यांना नव्हती, हीच खूण. मूळची काळजी परत आली असेल तर ती अशी उतरत नाही, आठवड्यांनी वाढत जाते आणि तिला विषय असतो: नातवाची नोकरी, पाऊस, कर्ज. तसं दिसलं तर मूळ आजाराचा उपचार वेगळा करावा लागतो. डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम ५ पासून देतील, या वयात १० च्या वर सहसा नेत नाहीत. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून लागणार असेल तर कपातीच्या आधी सुरू झालेलं बरं. पण ते आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही सोडियम उतरवतात, दोन-चार आठवड्यांत सोडियम परत बघायचं.

त्रास सोसवतो आहे तर त्याच पायरीवर थांबा, पुढची तारीख ढकला. सोसवत नाही, आठवडाभर जेवण-झोप दोन्ही गेली, तर एक पायरी मागे जा, एकच. तिथे चार आठवडे स्थिर करून नंतर निम्म्या मापाने उतरा. अधूनमधून ‘आज एक जास्त घे’ असं नको. त्याने रक्तातलं प्रमाण वरखाली होतं आणि मेंदूला सवय लागायला वेळच मिळत नाही.

थांबून न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची लक्षणं वेगळी. फिट किंवा शुद्ध जाणं, घरातल्यांना किंवा घराला न ओळखणं, नसलेली माणसं दिसणं, दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं. यात १०८ ला फोन. भ्रम अचानक आला तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम, शुगर हे सगळं तिथे तपासून घ्या. साध्या घाबरण्याला, रात्री दोन वाजता कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पूर्वी कधी फिट आली असेल, रोजची दारू असेल किंवा डोस याच्या कितीतरी पट असेल तर ही कपात घरी करायचीच नाही, भरती होऊन करायची. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही.

---

औषधी अमळनेर (फार्मासिस्ट)

दुसऱ्या औषधांची टक्कर राहिली होती.

ट्रामाडॉल सगळ्यात आधी काढा. गोळीसोबत ते श्वास मंद करतं, आणि कपातीच्या काळात फिट येण्याचा उंबरठा खाली आणतं. एस्सिटालोप्राम सुरू झालं तर आणखी वाईट जोडी. गुडघ्याला नुसतं पॅरासिटामॉल आणि शेक. डायक्लोफेनॅकवर उडी मारू नका, बीपीच्या या गोळीसोबत किडनीला मार बसतो. लघवीच्या संसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहिलं तर डॉक्टरांना कपात चालू असल्याचं सांगा, तीही फिटचा उंबरठा खाली आणतात.

पावसाळ्यात गजकर्ण झालं की इट्राकोनॅझोल हमखास लिहिलं जातं. ते आल्प्राझोलाम शरीरातून बाहेर जाऊ देत नाही. तेवढ्याच गोळीत आई गुंगून पडेल, आणि कोर्स संपला की अचानक मोठी कपात झाल्यासारखं होईल. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर आल्प्राझोलाम भराभर जळतं. डोस तोच राहतो आणि त्रास मात्र गोळी तोडल्याचा सुरू होतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात की आधी वही दाखवा. मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्यांना सांगा आणि त्या महिन्यात कपात नको.

झोपेसाठी म्हणून मेडिकलमधून सर्दी-खाजेची गुंगी आणणारी गोळी, झोल्पिडेम किंवा शेजारच्याने दिलेलं कसलं चूर्ण घेऊ नका. सर्दीच्या गोळीने या वयात लघवी अडकते आणि भ्रम होतो. झोल्पिडेम मेंदूत त्याच जागी जाऊन बसतं, म्हणजे एका दारातून काढून दुसऱ्यातून आत घेतल्यासारखं.

---

पांझराकाठ (धुळे)

सुरुवात कधी, याचं उत्तर. आत्ता आषाढात तपासण्या आणि दोनाचे तीन डोस एवढंच करा. श्रावणात कानबाईचं (आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाचं) जागरण झाल्याशिवाय पहिली कपात नको. रात्रभर जागणं आणि घरात पाहुणे, त्या आठवड्यात कोणाचीही झोप बिघडते आणि आपल्याला काही कळत नाही. कानबाई उठली की दुसऱ्या आठवड्यात गॅसच्या दोन गोळ्यांची एक. दिवाळीच्या आधी ती बंद झालेली असेल. दिवाळीनंतर आल्प्राझोलाम ०.८७५.

थंडीचे महिने आपल्याकडे कपातीला उत्तम. चैत्राच्या मध्यापासून मृगापर्यंत मात्र जिथे असाल तिथेच थांबायचं. जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो, वीज गेली की कूलर बंद, रात्रीची झोप नाही, घाम, धडधड, अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडणं. ही सगळी लक्षणं कपातीसारखीच दिसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी घरी येतात तेव्हाही घर भरलेलं असतं. ते दोन महिने डोस स्थिर ठेवणं म्हणजे वेळ वाया गेला असं नाही, मेंदू तेवढ्यात रुळतो. एकूण सव्वा ते दीड वर्ष धरा.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही, हे आत्ताच बोलून घ्या. एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात पुष्कळ बायका ‘आज औषध नको’ म्हणतात. पाण्यासोबत ही गोळी चालते. शुगरच्या गोळीचं मात्र उपवासाला वेगळं विचारून ठेवा. वणीला, पंढरपूरला जायचं असेल तर गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत.

झोपेचं थोडक्यात: उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी अर्ध्या तासाच्या वर आडवं नाही. तीननंतर चहा नाही, हे जड जाईल, चारच्या चहाला अर्धा कप दूध करून बघा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसावं, माळ ओढावी, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं.

०.२५ ला पोचाल तेव्हा काटा जमत नसेल तर डायझेपामचा विचार तिथे करता येतो, सुरुवातीला नव्हे. ०.२५ म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम डायझेपाम. त्याची २ ची गोळी मिळाली तर पाव म्हणजे ०.५, दहा टक्क्यांची पायरी मिळते. तोपर्यंत मात्रा लहान झालेली असल्याने साठण्याचा धोकाही कमी. पण बराबरीचे हे आकडे अंदाजाचे आहेत, माणसागणिक बदलतात. बदल डॉक्टरांनी, एका वेळी एक डोस असा करायचा आणि पहिले तीन आठवडे पेंग येते का ते बघायचं.

आणि ०.२५ वर किंवा ०.१२५ वर येऊन आई म्हणाली, आता पुरे, मला एवढी राहू द्या, तर भांडू नका. १.२ वरून तिथपर्यंत उतरणं ही मोठी गोष्ट आहे, पडण्याचा धोका तेवढ्यानेही घटतो. सहा महिन्यांनी परत विचारा.

---

तापीकाठ (चोपडा)

आजच आईला सगळं सांगितलं. गोल रंगवायची वही तिला आवडली. कालपासून साडेचारला शुगर तपासतोय, काल ११८, आज १२४, दोन्ही वेळा घाबरत होतीच. अजून दोन दिवस बघतो. सोमवारी डॉक्टरांकडे हा तक्ता घेऊन जातो. चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घेऊ? मेडिकलवाले सुट्या गोळ्या द्यायला कुरकुर करतात.

---

औषधी अमळनेर (फार्मासिस्ट)

कुरकुर होते त्याला कारण आहे. आल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. दुकानदाराला रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीवर ‘रोज दोनदा’ आणि मागणी शंभर गोळ्यांची असली की तो देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

म्हणून डॉक्टरांना असं लिहायला सांगा: आल्प्राझोलाम ०.२५, सकाळी १, दुपारी १, रात्री २, २१ दिवस, एकूण ८४ गोळ्या, ‘डोस हळूहळू कमी करण्यासाठी’. कपात सुरू झाली की पहिल्या पायरीची चिठ्ठी: सकाळी १, दुपारी अर्धी, रात्री २, २८ दिवस, एकूण ९८. दहाची पट्टी असेल तर नऊ पट्ट्या आणि आठ सुट्या. सुट्या गोळ्या पट्टी कापून द्यायला सांगा, ज्या भागावर बॅच नंबर आणि मुदत छापली आहे तो भाग तुमच्याकडे राहील असं बघा. प्रत्येक पायरीची चिठ्ठी नवी. घरात जुन्या ०.५ च्या उरलेल्या पट्ट्या असतील तर त्या सोमवारीच आईच्या उशाखालून काढून दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवा. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या असतात आणि रात्री चष्म्याशिवाय हीच चूक होते.